येणाऱ्या बाळाची तयारी : थोडा पैसा, योग्य क्रम

उज्जैन शहराच्या रेल्वेमार्गाच्या एका अंगास महाकालेश्वर व गोपाळ मंदिर यांचे जुने शहर आहे आणि दुसऱ्या अंगास फ्रीगंज ही वस्ती. फ्रीगंजमध्ये घड्याळाचा जो मनोरा उभा आहे, त्यावरून तेथील चौकास टॉवर चौक असे नाव पडले. गावकरी त्यास 'टावर' एवढेच म्हणतात. उज्जैन ही एके काळी शिंद्यांची राजधानी होती. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये आपले ठाणे ग्वाल्हेरास हलविले, तरी त्यांच्याबरोबर माळव्यात आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच राहिली. त्यांच्या घरांत आजही बारसे होते, डोहाळजेवण होते आणि लेकीसुनांचे बाळंतपण हा साऱ्या घराचा विषय असतो.

या चौकाच्या बाजारात सायंकाळी खरेदीस आलेले एक तरुण जोडपे कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. पती एका कापडाच्या दुकानात नोकरीस आहे. पत्नी घरी शिवणकाम करते. पहिल्या बाळाची चाहूल लागून दोन महिने झाले आहेत. हातात दरमहा फार तर आठशे रुपये शिल्लक राहतात. पतीने कागदावर यादी केली आहे : पाळणा, बाळाची ढकलगाडी, दुधाच्या दोन बाटल्या, तेल-पावडरीचा संच, भरजरी झबले व बारशाचा खर्च. यादी प्रेमाने केलेली आहे, यात शंका नाही. तथापि तीत एक मोठी उणीव आहे. या यादीत बाळाच्या आईसाठी एकही वस्तू नाही.

ही उणीव केवळ या जोडप्याची नाही. खेड्यात काय, शहरात काय, बाळाची तयारी म्हणजे बाळाच्या वस्तूंची खरेदी असाच समज आढळतो. प्रस्तुत पाठात आपण या समजाचा विचार करणार आहोत. पैसा थोडा असेल तेव्हा तो कोठे खर्च करावा, याहून आधी कोठे व मग कोठे, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

खर्चाचा पहिला मान आईचा

नवजात बालकाच्या गरजा मोजक्या आहेत : ऊब, आईचे दूध, स्वच्छता, आणि आजारी पडल्यास वेळेवर उपचार. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळत नाहीत. त्या आईजवळ असतात. म्हणून आईची प्रकृती उत्तम राखणे हीच बाळाची पहिली तयारी होय.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील गर्भवती स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे दर दोन गर्भवतींमागे एक स्त्री रक्तक्षयाने ग्रस्त असते. अशा स्त्रीस प्रसूतीच्या वेळी होणारा थोडा रक्तस्रावही झेपत नाही, आणि तिचे बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे निपजण्याची भीती वाढते. ज्या घरी सुबक पाळणा आणला, पण सुनेचे रक्त तपासले नाही, त्या घरी तयारी झाली असे कसे म्हणावे ?

रक्तक्षय टाळण्याच्या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यावयाची, आणि प्रसूतीनंतरही तितकेच दिवस ती चालू ठेवावयाची असते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबाचे सरबत किंवा आवळा यांच्याबरोबर ती घेतल्यास अधिक गुण येतो. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. शौचास काळे होते किंवा मळमळते म्हणून पुष्कळ स्त्रिया लोहाची गोळी सोडून देतात. काळेपणात धोका नाही. मळमळत असल्यास गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये.

आहाराचा खर्चही वाटतो तितका मोठा नाही. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, जाड वाटीभर डाळ किंवा उसळ, मेथी-पालक-शेवग्याचा पाला अशी एखादी पालेभाजी, आणि ज्यांना चालते त्यांनी अंडे, एवढ्याने रोजच्या जेवणास चांगली जोड मिळते. खरी अडचण पुष्कळदा पैशाची नसून पंगतीची असते. सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्यात उरेल ते सुनेने खायचे, ही रीत अनेक घरांत अजून टिकून आहे. गर्भवतीचे ताट सर्वांबरोबर वाढणे, या सुधारणेस एक पैसाही लागत नाही.

जे विनामूल्य आहे ते आधी घ्यावे

काटकसरीचा पहिला नियम असा की, जे हक्काने मिळते ते सोडू नये. पहिल्या तीन महिन्यांच्या आत अंगणवाडीत व आरोग्य उपकेंद्रात नाव नोंदवावे. नोंदणीनंतर माता व बाल संरक्षण कार्ड मिळते; तपासण्या, लसी, वजन यांची नोंद त्यावरच होते. अंगणवाडीतून पूरक पोषण आहार मिळतो. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची विशेष तपासणी विनामूल्य केली जाते. ही तारीख घरातील दिनदर्शिकेवर आधीच खुणेने दाखवून ठेवावी.

२०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार देशातील कोणत्याही शासकीय रुग्णालयात प्रसूती विनामूल्य होते. शस्त्रक्रिया करावी लागली तरी तिचा आकार पडत नाही. औषधे, तपासण्या, आवश्यक तेव्हा रक्त, साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवस जेवण, तसेच घरून रुग्णालयात आणि परत घरी नेण्याची वाहनसेवा यांचा त्यात समावेश आहे. बाळ वर्षाचे होईपर्यंत आजारी पडल्यास त्याचे उपचारही याच कार्यक्रमात बसतात.

याखेरीज रोख साहाय्य मिळते. २००५ पासून चालू असलेल्या जननी सुरक्षा योजनेत मध्य प्रदेशात शासकीय रुग्णालयात बाळंत होणाऱ्या ग्रामीण मातेस १,४०० व शहरी मातेस १,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात ही योजना दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या मातांसाठी असून, रुग्णालयातील प्रसूतीसाठी रक्कम ग्रामीण भागात ७०० व शहरी भागात ६०० रुपये आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला ३,००० रुपयांचा हप्ता गर्भावस्थेची नोंदणी व तपासणी झाल्यावर, आणि दुसरा २,००० रुपयांचा हप्ता बाळाची जन्मनोंद व पहिल्या लसी पूर्ण झाल्यावर मिळतो. दुसरे अपत्य मुलगी असल्यास तिच्या जन्मानंतर ६,००० रुपये एकरकमी दिले जातात. ही रक्कम मातेच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होते. म्हणून बाळाचे कपडे घेण्याआधी आईचे खाते उघडले आहे काय आणि ते आधार क्रमांकाशी जोडले आहे काय, हे पाहावे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. कागदपत्रांत त्रुटी राहिल्यास रक्कम उशिरा हाती येते. यास्तव शासकीय साहाय्य धरून बाळंतपणाचा हिशेब मांडू नये. तो आपल्या शिलकीवर मांडावा. साहाय्य मिळेल ते पुढील दिवसांसाठी राखावे.

बाळंतविडा : जुन्या रीतीतील शहाणपण

बाळासाठी जन्माआधी नवे काही घेऊ नये, पहिले कपडे जुन्या कापडाचे घालावेत, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. ही समजूत कशीही असो, तिच्यात काटकसर व आरोग्य दोन्ही साधतात. अनेक वेळा धुतलेले सुती धोतर किंवा आजीचे नऊवारी लुगडे नव्या कापडापेक्षा मऊ असते, घाम टिपते आणि नाजूक कातडीस बोचत नाही. म्हणून सासूबाईंच्या या आग्रहाशी वाद न घालता त्याचा उपयोग करून घ्यावा.

आपल्याकडे बाळंतविडा देण्याची चाल आहे. आप्तेष्ट मंडळी बाळासाठी झबले, टोपडे, कुंची, दुपटे आणि बाळंतिणीसाठी लुगडे किंवा खण घेऊन येतात. मूळ हेतू स्पष्ट आहे : एका घरावर पडणारा भार दहा घरांनी वाटून घ्यावा. पुढे त्यात देवघेवीची चढाओढ शिरली आणि एकाच घरी दहा भरजरी झबली जमू लागली, जी बाळाच्या अंगावर एकदाच चढतात. नातलगांना आधीच विश्वासात घेऊन, कोणी दुपटी, कोणी मच्छरदाणी, कोणी आईसाठी दोन किलो शेंगदाणे, असे ठरविल्यास बाळंतविडा पुन्हा उपयोगाचा होईल.

फिनलंड या देशाने हीच कल्पना शासकीय पातळीवर राबविली. तेथे १९३८ पासून गरीब मातांना बाळाचे कपडे, पांघरूण वगैरे साहित्याची पेटी दिली जाऊ लागली. १९४९ पासून ती सर्व मातांसाठी खुली झाली. अट एकच, गर्भवतीने चौथा महिना संपण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे. रिकामी झालेली पेटी गादी घालून बाळाचा बिछाना म्हणूनही वापरली गेली. आपण ध्यानात घ्यावयाची गोष्ट पेटी नव्हे. वस्तूच्या आधी तपासणी हा तिच्यामागील क्रम होय.

मग प्रत्यक्षात लागते तरी किती ? सहा सुती झबली, तीन टोपडी, चार दुपटी, दोन डझन लंगोट, एक जाडसर गोधडी, एक मच्छरदाणी, आणि थंडीचे दिवस असल्यास लोकरीची कुंची व मोजे. यांपैकी लंगोट, दुपटी व गोधडी घरच्या जुन्या कापडातून होतात. सर्व कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावेत. लंगोटांची संख्या पाहून हसू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळाने दिवसातून निदान सहा वेळा लघवी केली, तर त्यास आईचे दूध पुरते असे समजावे. ओल्या लंगोटाची ही मोजणी दिवसभर बांधलेल्या डायपरमध्ये नीट होत नाही.

जे घेऊ नये

यादीतील दुधाच्या बाटल्या प्रथम खोडाव्यात. बाटली व बूच नीट उकळून घेतले नाही तर त्यांतून हगवण होते. शिवाय बाटलीची सवय लागलेले बाळ अंगावर पिण्याचे टाळते. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाणीदेखील नाही. डब्यातील पावडरीवर बाळ वाढवावयाचे म्हटले तर छोट्या पगाराच्या घरात महिन्याचा हिशेब कोलमडतो. बालकांच्या दुधाला पर्यायी पदार्थांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एखाद्या मातेस आजारामुळे अंगावर पाजणे शक्य नसल्यास काय द्यावे, हे डॉक्टरांनी सांगावे, दुकानदाराने नव्हे.

सुवासिक पावडर, काजळ व घुटीही खोडावी. पावडरीचे कण श्वासावाटे फुप्फुसांत जातात. काजळात शिसे असू शकते. जन्मताच मध चाटविण्याची चालही सोडावी. वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच देऊ नये. ढकलगाडीस आपल्या गल्ल्या व पांदणी सोयीच्या नाहीत. पाळणा नात्यातून मागून आणावा; फक्त त्याचे सांधे व दोर तपासून घ्यावेत.

सर्वांत मौल्यवान वस्तूही याच ठिकाणी सांगितली पाहिजे, कारण ती फुकट आहे. उपरोक्त सर्वेक्षणात असे दिसले की, देशात ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात. परंतु जन्मापासून एका तासाच्या आत अंगावर पाजलेली बालके ४१.८ टक्केच आहेत. पहिले पिवळसर चिकाचे दूध रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले असते. ते पिळून टाकणे म्हणजे घरात आलेले धन उकिरड्यावर फेकणे होय. तसेच कमी वजनाच्या बाळास आईने आपल्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी. १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा येथे, ऊब देणारी यंत्रे अपुरी पडत असताना, ही पद्धत सुरू झाली आणि आता ती जगभर मान्य झाली आहे.

माहेरची वाट आणि रुग्णालयाची वाट

पहिल्या बाळंतपणास लेक माहेरी जाते. उज्जैनची सून जळगावास किंवा अमरावतीस जाते, आणि महाराष्ट्रातील लेक उज्जैनला येते. या प्रवासात हक्क हरवू नयेत, याची काळजी घ्यावी. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, आधार कार्ड व बँकेचे पुस्तक बरोबर न्यावे. सासरच्या आशाताईंना जाण्याची तारीख सांगावी आणि माहेरी पोहोचताच तेथील आशाताईंकडे नाव लिहवावे. कोणते साहाय्य कोठे मिळेल, हे दोघींकडून आधीच विचारून घ्यावे. अगदी भरत आलेल्या दिवसांत लांबचा प्रवास करू नये. केव्हा निघावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

प्रसूतीचे ठिकाण आधी निश्चित करावे. उज्जैनमध्ये शासकीय चरक रुग्णालयात प्रसूतीची सोय आहे. खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय असते. जाण्याच्या मार्गाचाही विचार हवा. श्रावणातील सोमवारी महाकालाची सवारी निघते तेव्हा उज्जैनच्या जुन्या शहरातील रस्ते माणसांनी भरून जातात. कोकणात वा विदर्भात त्याच दिवसांत ओढ्याला पूर असतो. अशा वेळी कोणता रस्ता घ्यावा, १०८ क्रमांकाची गाडी कोठपर्यंत येईल, रात्री सोबत कोण येईल आणि रक्त लागल्यास कोण देईल, हे चार प्रश्न आठव्या महिन्यातच सोडवून ठेवावेत.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये.

हिशेबाचे एक उदाहरण

आता टॉवर चौकातील आपल्या जोडप्याकडे वळू. त्यांच्यापुढे सात महिने आहेत. दरमहा ८०० रुपये बाजूस टाकल्यास ५,६०० रुपये होतात. पुढील आकडे केवळ क्रम समजावा म्हणून दिले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या दराने ते मांडावेत.

आईच्या जादा आहारासाठी रोज सुमारे १० रुपये, म्हणजे सात महिन्यांचे २,१०० रुपये.
अचानक खर्चासाठी हात न लावता ठेवावयाची शिल्लक १,५०० रुपये.
तपासणीस व प्रसूतीस जाणे-येणे, सोबतच्या माणसाचे जेवण १,००० रुपये.
बाळाचे नवे कापड, मच्छरदाणी व गोधडीचा दोरा ६०० रुपये.
थर्मामीटर, साबण, आईसाठी स्वच्छ कापड वा घड्या ४०० रुपये.

एकूण ५,६०० रुपये. या यादीत पाळणा नाही, तो मामाच्या घरून येणार आहे. झबली पत्नी स्वतः शिवणार आहे. योजनेतून मिळणारा हप्ता प्रसूतीनंतरच्या दीड-दोन महिन्यांसाठी राखून ठेवला आहे, कारण त्या काळात तिचे शिवणयंत्र बंद राहील. या शेवटच्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. हातावर पोट असलेल्या घरात बाळंतीण आठव्या-दहाव्या दिवशी कामास लागते, ती हौसेने नव्हे. तिच्या विश्रांतीचे पैसे आधी बाजूस काढले, तरच तिला विश्रांती मिळते.

घरी आल्यानंतर

दवाखान्यातून निघण्यापूर्वी बी. सी. जी., पोलिओ व कावीळ ब या जन्मवेळच्या लसी दिल्याची नोंद पाहावी. २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद विनाशुल्क होते. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात; त्यांना दारातून परत लावू नये. बाळाच्या नाळेस तेल, हळद, राख असे काही लावू नये. ती कोरडी ठेवावी. बंद खोलीत शेगडी व धुरी नको. त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो. बाळ पिईनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोराने होऊ लागला, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बारसे जरूर करावे. नाव ठेवण्याचा आनंद मोठ्या मांडवाने वाढत नाही. घुगऱ्या, पाळणा आणि घरची माणसे एवढ्याने तो पूर्ण होतो.

सारांश, बाळाची तयारी दुकानात सुरू होत नाही. ती आईच्या ताटात, तिच्या तपासणीत आणि तिच्या विश्रांतीत सुरू होते. गरीब घरातील बाळाचे स्वागत श्रीमंत घरातील बाळाइतकेच उत्तम होऊ शकते, फक्त थोडा पैसा योग्य क्रमाने खर्च झाला पाहिजे. शिक्षक, ग्रामसेवक व अंगणवाडी सेविका यांनी हा क्रम आपापल्या गावी समजावून सांगावा, ही विनंती.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गर्भवती स्त्री घरातील इतरांच्या आधी, बरोबर की नंतर जेवते ? याचा परिणाम काय होतो ?
२. बाळंतविड्यात कोणत्या वस्तू दिल्यास त्या खरोखर उपयोगी पडतील ? दहा वस्तूंची यादी करा.
३. दरमहा ५०० रुपये शिल्लक राहणाऱ्या कुटुंबाचा सहा महिन्यांचा हिशेब मांडा.
४. पावसाळ्यात रात्री आपल्या वस्तीतून रुग्णालयात कोणत्या मार्गाने जाता येईल ? नकाशा काढा.
५. आपल्या वस्तीतील किती गर्भवतींनी पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदविले, हे अंगणवाडीतून समजून घ्या आणि उरलेल्यांना ते का जमले नाही, याची चर्चा करा.